नागीण आणि भाया

राजूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. रंगुबाई तिथली सून, शेळ्या राखणारी. हातात कायम लांब बांबूला विळा बांधलेली आकडी. उंच फांदीचा पाला ती असा अलगद उतरवते, की झाडालाही कळत नसेल. मी तर हातातलं काम टाकून बघत बसतो.

यंदा जत्रेला शाळेच्या सविताबाईंनी नाटक बसवलं, तेही जपानचं. धनी लढाईवर गेलेला, आणि त्याची बायको एकटी किल्ल्याचा दरवाजा राखते. तिच्या शस्त्राचं नाव नागिनाता. आम्ही आपलं नागीणच म्हणायचो. चित्र बघून रंगुबाई हसली, "अगं बया, ही तर माझी आकडी!" झालं, काम तिलाच मिळालं.

पण जत्रा कमिटीचा अध्यक्ष कारभारी. तो तिचा भाया, म्हणजे थोरला दीर. त्यानं बजावलं, "हसं झालं तर फुडच्या साली बायांना स्टेज बंद." आणि शत्रूचा सेनापती कोण? तोच! आवाज मोठा ना. भाया समोर आला की डोक्यावर पदर घ्यायचा, त्याच्याशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तालमीत निभावलं, कारण सेनापतीचा टोप म्हणजे आमटीचं पातेलं, ते कारभारीच्या नाकापर्यंत यायचं. पातेल्याशी बोलायला कसला संकोच?

जत्रेत रंगुबाई विजार घालून, केस बांधून दरवाजात उभी राहिली. काय फिरवली नागीण! सैनिक खरोखर घाबरून मागं सरले. कारभारी ओरडत पुढं धावला, आणि पातेलं गडगडत खाली. तोंड उघडं पडलं. रंगुबाईचा हात सवयीनं डोक्याकडे गेला. पदर कुठला?

"वयनी, पदर!" कुणीतरी ओरडलं. लोक हसायला लागले.

रंगुबाईनं हात खाली घेतला. मग नागिणीच्या टोकानं तिनं पातेलं त्याच्या पायाशी ढकललं.

"घरी तुमी भाऊजी. हितं मी किल्लेदार हाय. तोंड झाका, आन् माघारी फिरा!"

शिट्ट्यांनी मांडव दणाणला. कारभारीनं मुकाट पातेलं चढवलं आणि फौज घेऊन पळाला. नाटकात तसंच लिहिलं होतं म्हणा, पण इतक्या चपळाईनं नव्हे.

सकाळी ती कडुलिंबाखाली पाला काढत होती. कारभारी दिसला तसा पदर डोक्यावर आला. तो तिच्याकडे न बघता शेळीला म्हणाला,

"शेळे, तुझ्या मालकिनीला सांग, फुडच्या जत्रेच्या आधी पातेल्याला नाडी लावून ठेव म्हनावं."