पालथ्या बॅटऱ्या

मी आणि माझ्या बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते सहा बॅटऱ्या पुसायचं. खंडेनवमीची सकाळ होती. ती उंबऱ्यात बसली होती, मी तिच्यासमोर. मधे तिच्या जुन्या लुगड्याचा फडका अंथरलेला.

बॅटऱ्या कसल्या ते सांगतो. आमच्या गावाला तिन्ही बाजूंनी धरणाचं पाणी आहे. साताऱ्याला जायचं तर लाँचनं अर्धा तास पलीकडं जावं लागतं, मग गाडी. फोनला रेंज नाही. गावाशेजारी एक कॅम्प आहे. शहरातली माणसं तिथं येतात आणि कयाक म्हणून एकेकट्याच्या चिंचोळ्या होड्या असतात, त्या वल्हवत लांब जातात. त्यांच्या गळ्यात कॅम्पचा मालक एकेक वायरलेस सेट अडकवतो. समुद्रावर वापरतात तसले सेट, पाण्यात पडले तरी तरंगतात. होडी उलटली, वारं सुटलं, तर त्या माणसाला एवढाच आधार. दाबायचं आणि बोलायचं. पण आत बॅटरी धड पाहिजे, ती नसली तर सेट म्हणजे नुसतं खेळणं.

ते बघायचं काम माझ्याकडं. मी मूळचा आष्ट्याकडचा. शाळा तिसरीपर्यंत. साखर कारखान्यात वायरमनच्या हाताखाली जन्म गेला. हे गाव तिचं माहेर. तिच्या भावांनी मुंबई धरली, घर मोकळं पडलं, म्हणून म्हातारपणी आम्ही इथं आलो. छपरावर सोलर आहे, त्यामुळं चार्जर आमच्याकडंच. तिच्यामुळं मी अख्ख्या गावाचा दाजी.

काम सोपं वाटतं, पण डोकं जाग्यावर लागतं. ओली बॅटरी चार्जरला लावायची नाही. उन्हातनं आलेली गरम बॅटरी आधी सावलीत निववायची. भरली की काढायची, रात्रभर तशीच ठेवायची नाही. फुगली तर ती कुणालाच द्यायची नाही. आणि सगळ्यात मोठा नेम माझा: बटण दाबून, बोलून, पलीकडनं उत्तर ऐकल्याशिवाय सेट हातातनं सोडायचा नाही. त्या कॅम्पवरच्या पोरांना मी ह्यावरनं किती शिव्या घातल्यात त्याला गणती नाही.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात. कॅम्प त्या दिवशी बंद. सहाही सेट घरी. बॅटऱ्या आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या. दर वर्षी तीच त्यांना हळदकुंकू लावायची, मी नुसता चेष्टा करायचो.

"एवढं करतीस तर एकेकीला चोळीबी शिव," मी म्हणालो.

"शिवीन की. तुमच्यापरास बऱ्या हायत्या. एकदा भरल्या की दिवसभर बोलत्यात. तुमी जेवून भरला तरी बोलत न्हाई."

मग तिनं हळदीची वाटी माझ्याकडं सरकवली. "आवं, आज तुमीच लावा. माझा हात जड झालाय."

"एवढ्यात हात जड? अजून पुरणपोळी लाटायची हाय."

"लाटीन. तुमी लावा."

मी लावली. सहा बॅटऱ्या फडक्यावर ओळीनं मांडल्या, एकेकीला ओली हळद, वर कुंकू. ती डावा हात मांडीवर धरून बघत होती. मधेच काहीतरी बोलायला गेली आणि शब्द नीट आला नाही. मला वाटलं तोंडात पान आहे. मी बघितलं नाही. बॅटऱ्या सेटात बसवल्या आणि सेट फळीवर ठेवले.

दीड एक तासानं चुलीपाशी ती कलंडली. तोंड वाकडं झालेलं. हाक मारली तर डोळे हलायचे, शब्द येत नव्हता.

लाँच चालवणारा तिचा चुलतभाऊ. तो पळत आला, दोघातिघांनी तिला चादरीत उचललं. मी फळीवरचा एक सेट उचलला आणि पळालो. पलीकडच्या धक्क्यावर एक गडी बसतो, त्याच्याकडं मोठा सेट असतो, तसलाच एक कॅम्पवर. त्याला सांगितलं की तो वरच्या वाडीतनं जीप खाली बोलवतो. जीप यायला अर्धा तास लागतो. लाँचलाही अर्धाच तास. म्हणजे आत्ता बोललं तर आम्ही टेकायला आणि जीप यायला एकच गाठ.

लाँच सुटल्यावर मी सेट चालू केला. दिवा लागला. भरलेली बॅटरी, पडद्यावर चारी दांड्या. पलीकडचा गडी कॅम्पवाल्याशी बोलत होता ते स्वच्छ ऐकू येत होतं. "उद्या सोनं वाटायला येतोस का रं?" "येतो की, पण नुसती पानं नको, जेवायला घाल." दोघं हसले.

मी बटण दाबलं. "जीप बोलवा—"

सेट बंद पडला.

पुन्हा चालू केला. दिवा, चारी दांड्या. तो गडी अजून बोलतोय. दाबलं, बंद. बॅटरी काढली, फुंकली, धोतराला पुसली, बसवली. दाबलं, बंद.

"दाजी, काय झालं?" चुलतभावानं विचारलं.

"ऐकू येतंय रं. माझंच जात न्हाई."

"दुसरा सेट?"

"न्हाई आणला."

तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती माझ्याकडंच बघत होती. तिला कळत होतं का, मला ठाऊक नाही. मी दाबत राहिलो. पाण्याच्या मधोमध एवढा मोठा माणूस ओरडतोय आणि पलीकडं दोघं जण जेवणाचा बेत ठरवत आहेत. तसलं भ्या मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. कारखान्यात शॉक बसून मागं फेकलो गेलो होतो तेव्हाही नाही.

धक्क्यावर लागलो तेव्हा जीप नव्हती. गड्यानं बोलवली, आम्ही उन्हात अर्धा तास थांबलो. मी तिच्या तोंडावर पदर धरून उभा.

साताऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "हात जड कधीपासून होता?"

"सकाळधरनं."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग ते कागदावर लिहून घेतलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी ती गेली. मुलगी सांगलीहून थेट दवाखान्यात आली, तिला आई जिती भेटली नाही. दिवस मावळायच्या आत आम्ही तिला त्याच लाँचनं परत आणली आणि पाण्याकाठी अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी दसरा. झुंजूमुंजू झालं तसा मी उठलो. मुलगी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती. फळीवर सेट दिसले. पाच फळीवर, सहावा माझ्या कोटाच्या खिशात. तो काढला, बॅटरी उघडली. पाठीमागच्या पितळी पट्ट्यांवर हळद वाळून पापडी धरली होती. कालच्या घाईत मी पुसली ती वरवर, फटीतली तशीच राहिलेली. ऐकायला बॅटरीला जोर लागत नाही, बोलायला लागतो. त्या पापडीतनं तेवढा जोर जात नव्हता.

उंबऱ्यात तिचा फडका तसाच पडलेला. उचलला तर त्याच्यावर काळे डाग दिसले. दोन दोन बारीक रेघा, सहा जागी. वर्षानुवर्षं पितळ घासून पडलेल्या. म्हणजे ती दर वर्षी बॅटऱ्या पालथ्या ठेवायची, पितळ खाली, आणि हळद लावायची वरच्या प्लॅस्टिकला. मला कधी सांगितलं नाही. मी कधी विचारलं नाही. मी उताण्या मांडल्या. तिच्या डोळ्यांदेखत. तिनं बोलायला तोंड उघडलं होतं ते हेच असेल का दुसरं काही, हे आता कुणाला विचारू?

मग ध्यानात आलं. उरलेल्या पाचही बॅटऱ्या मी तशाच माखल्या होत्या. आणि दसऱ्याची सुट्टी, कॅम्प भरलेला. थोड्या वेळात मालक सेट न्यायला येणार. तो चालू करून बघणार, दिवा लागणार, चारी दांड्या दिसणार.

मी खोडरबर शोधला. घाईत पहिली बॅटरी खालीच पडली. मुलगी जागी झाली.

"आबा, काय करताय? सुतक हाय. आज तरी ऱ्हाऊ द्या."

"धर ही."

"बायका काय म्हनतील?"

"म्हनू देत. तू काडीनं ह्या फटीतली हळद काढ."

ती रडत रडत काढायला लागली. मी पट्ट्या घासल्या, पितळ चकाकेपर्यंत. सेटातल्या स्प्रिंगा पुसल्या. मालक दारात आला तो चपला काढून, मान खाली घालून.

"दाजी, मी सेट न्यायला न्हाई आलो. भेटायला आलो. कॅम्पवरची मंडळी आज तशीच जातील, वारं न्हाई."

"तशी एकबी जाणार न्हाई," मी म्हणालो. "बस तिथं."

मुलीला एक सेट देऊन पाण्याकाठी धाडलं, लांबच्या वडापाशी. घरातनं मी एकेक सेट घेतला, दाबला, बोललो.

"ऐकू येतंय का?"

"येतंय, आबा."

दुसरा. "ऐकू येतंय का?"

"येतंय."

पाच झाले. चार मालकाच्या हातात दिले, एक माझ्याजवळ ठेवला. मुलीच्या हातातला सहावा तोच होता, कालचा; तिची उत्तरं त्यातनंच आली होती, तरी माझी खात्री पटेना. तिला म्हणालो, "आता तू बोल."

 मी सेट कानाला लावून उभा. मग तिचा आवाज आला. "आबा, इथं आईची राख अजून गरम हाय."

मी बटण दाबलं आणि म्हणालो, "ऐकलं. ये आता घरी." ती आल्यावर ते दोन्ही सेटही मालकाला दिले. फडका झटकला, घडी घातली, आणि चार्जरखाली ठेवला.