कुठूनही न आलेला उजेड

बायकोला हे माहीत नाही. ऑफिसातल्या भागीदाराला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — म्हणजे बघा, इथेही मी सोपीच वाट धरली.

माझं काम उजेडाचं. वर्ध्यात बसस्टँडजवळ आमचं छोटंसं ऑफिस आहे. इमारत बांधायच्या आधी तिच्यात उजेड कसा पडेल, त्याचं चित्र मी कॉम्प्युटरवर काढून देतो. त्यासाठीचा माझा प्रोग्राम दिसायला अगदीच भिकार — बटणं नाहीत, मेनू नाही, नुसता काळा पडदा आणि त्यावर टाइप करायच्या ओळी. भिंती कुठे, खिडक्या केवढ्या, रंग कोणता, सूर्य कुठे, हे सगळं लिहून द्यायचं; त्याला आम्ही मॉडेल म्हणतो. मग मशीन एकेका किरणाचा माग काढत बसतं आणि शेवटी खोलीचं चित्र हातात ठेवतं. लोक चित्र बघतात. ओळी कुणी वाचत नाही.

प्रज्ञा माझ्या कॉलेजातली मैत्रीण. समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावची, आणि तिथल्या बौद्ध वस्तीतली पहिली आर्किटेक्ट. वस्तीने विहारामागे अभ्यासिका बांधायचं ठरवलं तेव्हा काम अर्थातच तिच्याकडे आलं. पोलीस भरती, तलाठी परीक्षा — पोरंपोरी दिवसभर बसून वाचतील अशी जागा हवी होती. दुपारी गावात लाईट हमखास जाते, म्हणून समितीची अट एकच. बल्ब न लावता वाचता आलं पाहिजे.

प्रज्ञाने पश्चिमेला मोठ्या खिडक्या दाखवल्या होत्या, वर खोल छज्जे. समितीला त्या नको होत्या. आमच्याकडचा मे महिना तुम्ही काढला असेल तर त्यांना नावं ठेवणार नाही. इथे माणूस घर बांधतो तेच उन्हाकडे पाठ करून. पश्चिमेची भिंत बंद करा, उत्तरेच्या खिडक्यांवर भागवा, असं त्यांचं म्हणणं. प्रज्ञाला ते पटत नव्हतं, पण ती भांडली नाही. नुसतं बोलण्यापेक्षा मोजून बघू, म्हणाली. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, याचा प्रोग्राम सांगेल ते दोघांनी मानायचं. समिती कबूल झाली. आणि मी? माझी कॉलर ताठ. चित्र असं आणतो की बैठकीत कुणी तोंड उघडणार नाही, असं मी सगळ्यांदेखत सांगून आलो होतो.

बैठकीच्या दिवशी सकाळी बंद भिंतीचं चित्र आलं — अंधारं. खिडकीपाशी उजेडाचा पट्टा, आणि आत, जिथे टेबलं असणार तिथे, दिवेलागण झाल्यासारखं. आता दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर खोली खरंच अंधारी होणार होती. नाहीतर मी मशीनला घाई केली होती. उजेड एका भिंतीवरून दुसरीवर, तिथून छतावर असा उसळत जातो. खरं मोजायचं तर त्याला भरपूर वेळा उसळू द्यावं लागतं, आणि माझं जुनं मशीन तेवढ्यासाठी संध्याकाळपर्यंत घरघरत बसलं असतं. बैठक दुपारची. अंधारं चित्र तसंच नेलं तर कुणीतरी 'खात्री आहे का' विचारलंच असतं, आणि खात्री मला नव्हती. फोन करून 'उद्या देतो' म्हणता आलं नसतं का? आलं असतं. कुणी फासावर देणार नव्हतं. पण मग माझ्या बढाईचं काय — माझं हसं झालं असतं ना.

आता ते सांगतो, ज्यासाठी इतका वेळ घुटमळतोय.

त्या प्रोग्राममध्ये एक आकडा असतो. खोलीत सगळीकडे एवढा उजेड आधीपासून आहेच असं धरून चाल, हे त्या आकड्याने मशीनला सांगता येतं. वाईट गोष्ट नाही ती. न मोजलेल्या उसळ्यांची भरपाई म्हणून जाणते लोकही तो घालतात — पण किती घालायचा ते आधी मोजून. मी मोजलं नाही. शून्य होतं तिथे थोडा घातला. बघितलं. आणखी थोडा घातला. कोपरे उजळले, टेबलं उजळली, भिंत हसायला लागली. कुठल्याच खिडकीतून न आलेला उजेड! आणि मला काय वाटलं सांगू? लाज नाही वाटली. सुटलो असं वाटलं.

बैठकीत चित्र हातोहात फिरलं. समितीचे अध्यक्ष एक निवृत्त मास्तर, त्यांना सगळे दादाजी म्हणत. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि खूश झाले. प्रज्ञा मात्र चित्राकडे बराच वेळ बघत राहिली. मग हळूच मला म्हणाली, “येवढा उजेड येते?” मी मान हलवली. तिने तिथेच, सगळ्यांसमोर, नकाशावरच्या आपल्या खिडक्या पेन्सिलीने खोडल्या.

अभ्यासिका उभी राहिली. उद्घाटन संध्याकाळी, दिव्यांच्या झगमगाटात, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात आलं नाही. लक्षात आलं दुपारी लाईट गेल्यावर. पोरं टेबलं ओढत व्हरांड्यात आणू लागली आणि झळा लागल्या की परत आत. एका मुलीची आई म्हणे बोलली, याच्यापेक्षा आमचा गोठा बरा. पुन्हा बैठक झाली. दादाजी रागावले नव्हते, ते दुखावले होते.

“अंधारात पोरं काय वाचतीन, बाई? आपली म्हून तुले काम देल्लं आमी.”

प्रज्ञा माझ्याकडे वळली. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. “तुह्या मॉडेलात काई गडबड नाई ना?”

'आहे' एवढा एक शब्द पुरेसा होता. मी म्हणालो, “नाई. मॉडेल बरोबर हाय. आतला निळा रंग उजेड खाऊन राह्यला.”

तो निळा रंग वस्तीतल्या पोरापोरींनी स्वतः दिला होता, खिडकीच्या उंचीपर्यंत, हौसेने. माझ्या एका वाक्यावर त्यांनी त्यावर पांढरा मारला. खोली तशीच अंधारी राहिली. मग मला कुणी काही विचारलं नाही. मी बाहेरचा, शिवाय मशीनवाला. मशीन कशाला खोटं बोलेल? प्रज्ञाने उभं राहून सांगितलं, “नकाशा माहा, चूक माही.” मी शेजारच्याच खुर्चीवर बसलो होतो. बसूनच राहिलो.

आजूबाजूच्या गावांत तिची दोन कामं ठरत आली होती, ती गेली. पुढे ती नागपूरला कुणाच्या तरी फर्ममध्ये लागली. दुसऱ्यांच्या इमारतींतल्या जिन्यांचे आणि संडासांचे नकाशे काढते. गावच्या कार्यक्रमांना जाणंही कमी केलं तिने.

नंतर एकदा मी ते गणित नीट चालवून पाहिलं. तो आकडा शून्य, उसळ्या भरपूर, मशीनला हवा तेवढा वेळ. बंद भिंतीची खोली जशी बांधली गेली तशीच आली, हुबेहूब अंधारी. मग प्रज्ञाच्या मूळ खिडक्या घातल्या, छज्ज्यांसकट. सगळ्या टेबलांवर उजेड, आणि ऐन दुपारचं ऊन छज्ज्याबाहेरच अडलेलं. तिचं बरोबर होतं. पहिल्यापासून. मी दोन्ही चित्रं पुसून टाकली.

घाबरलो होतो असं म्हणू का? पण भीती किती दिवस टिकते? ती कधीच ओसरली. तिने दोष अंगावर घेतला तो मला सोयीचा पडला, आणि सोयीची सवय लागली — एवढंच आहे ते. भिंत अजूनही फोडता येईल, खिडक्या अजूनही बसवता येतील, हेही मला ठाऊक आहे. त्यासाठी कुणीतरी खरं बोलायला हवं, आणि तो कुणीतरी मी आहे.

या उन्हाळ्यात प्रज्ञा एका लग्नासाठी वर्ध्याला आली होती. ऑफिसवर आली, आम्ही खाली टपरीवर चहा घेतला. जुन्या गोष्टी निघाल्या. अभ्यासिकेचं मी काढलं नव्हतं, तिनेच काढलं.

“सगळे माह्यावर तुटून पडले तवा तूच एकटा माह्या बाजूनं होता. रंगाचं काढून मले वाचवाले पाह्यलं तू. मी इसरली नाई ते.”

मी म्हणालो, “त्यात काय येवढं.”