पाठीवरचा सात

आमच्या पंचक्रोशीत बेल्मीरोकाकासारखी कुऱ्हाड कुणाला चालवता आली नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. बाटल्यांची बुचं ज्या सालीची करतात, ती साल काढणं हा आमच्या रानाचा धंदा. ओकचं झाड नऊ वर्षांतून एकदाच सोलायचं. कुऱ्हाड सालीत शिरली पाहिजे, पण आतल्या अस्तराला लागता कामा नये. लागली, की झाडाला जन्माची जखम. काकाने पन्नास उन्हाळे झाडं सोलली. एकही दुखावलं नाही.

त्याच्या मागून फेलिस्बेलाकाकू चालायची. हातात पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश. नुकतं सोललेलं झाड लालसर, उघडं उभं असायचं. काकू त्याच्यावर चालू वर्षाचा शेवटचा आकडा लिहायची आणि एक पाऊल मागे सरून बघायची. आकडा पडला, की नऊ वर्षं त्या झाडाला कुणी हात लावायचा नाही.

हंगाम संपला की ती म्हणायची, "आता एव्होराला जाऊ. मोठ्या चर्चच्या गच्चीवर चढू. आणि पांढरं कापड घातलेल्या टेबलावर बसून जेवू, दुसऱ्याने वाढलेलं."

काका म्हणायचा, "पुढच्या हंगामाला."

एव्होरा आमच्या गावापासून गाडीने तासाची वाट. त्या एका तासाला त्यांना बेचाळीस वर्षं लागली.

शेवटी एव्होराला निघाले, तो दोन हजार सतराच्या जूनमधला गुरुवार होता. काकू दोन वर्षांपासून विसरत चालली होती. चूल पेटवून रानात निघून जायची, आणि काकाच्या खुब्यात तिच्यामागे धावायचं बळ उरलं नव्हतं. लक्झेंबर्गला असलेल्या त्यांच्या लेकीने फोनवरून एव्होरातल्या नन बायकांच्या वृद्धाश्रमात खाट मिळवली. संध्याकाळी पाचला तिला तिथे पोचवायचं होतं. तिला ते सांगायचं काम काकाकडे होतं. गाडी माझी होती.

"कधी सांगणार, काका?" मी हळूच विचारलं.

"आधी तिला शहर तर बघू दे."

जुन्या रोमन देवळापाशी काकू थांबली. छप्पर कधीच गेलंय, नुसते खांब उभे आहेत, अंगावर उभ्या खाचा घेऊन. ती मान वर करून एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेली, परत आली.

"हे कुणी सोललं?"

"रोमन लोकांनी, काकू," मी म्हणालो. "दोन हजार वर्षं झाली."

"आणि आकडा? एकावरही आकडा नाही! आळशी टोळी. बाईमाणूस नसणार त्यांच्यात."

काका हसला. किती महिन्यांनी, देव जाणे. "तुला बोलवायला हवं होतं त्यांनी."

"बोलावलं असतं, तरी तू म्हणाला असतास, पुढच्या हंगामाला."

चर्चच्या जिन्यात काका तीनदा बसला. काकूने त्याला दंडाला धरून वर ओढलं. "ऊठ रे. झाडावर चढायचास तेव्हा माकड लाजायचं." गच्चीवर वारा होता. खाली पांढरी घरं, आणि पलीकडे आमचा सपाट, तपकिरी मुलूख, त्यात ओकचे हिरवे ठिपके.

"बेला," काकाने सुरुवात केली. "आज संध्याकाळी..."

"गप. आपली झाडं तिकडे आहेत. मोजू दे."

त्याने मोजू दिलं. झाडं मोजून होणार नव्हती, हे त्याला माहीत होतं.

जेवायला एका गल्लीतल्या खाणावळीत गेलो. टेबलावर पांढरं कापड होतं. काकूने त्याच्यावरून तळहात फिरवला. वाढणारी बाई दांडगी होती. "अर्धी घ्याल की पूर्ण, आजोबा?" आमच्याकडे पूर्ण थाळी दोघांची असते. "पूर्ण," काका म्हणाला. मी माझ्यापुरती अर्धी सांगितली. कोकराचा रस्सा आला, तळाशी भिजलेली पावाची जाड कापं, वर पुदिना. काकूने चरबीचे मऊ तुकडे वेचून काकाच्या ताटलीत टाकले. तिने आयुष्यभर असंच केलं होतं.

मग ती त्याच्याकडे वाकून, परक्या माणसाशी बोलावं तशी अदबीने बोलली, "छान आहे हो. माझ्या नवऱ्याला आवडलं असतं."

काकाच्या हातातला चमचा थांबला. "कुठाय तो?"

"झाडावर. त्याला वेळ कुठाय!"

मी ताटलीत बघत राहिलो. काकाने पावाने रस्सा पुसून घेतला, सगळा, एक थेंब न ठेवता. त्यानंतर सांगायचा विषय त्याने काढला नाही.

पाचला आम्ही त्या दारात होतो. कोवळ्या वयाची एक नन बाहेर आली आणि तिने काकूची पिशवी घेतली. काकू पिशवीकडे बघत राहिली, मग दाराकडे, मग काकाकडे.

"बेला," काका म्हणाला. "मी रविवारी येतो."

ती जवळ आली. "वळ."

"काय?"

"पाठ कर म्हणते ना."

तो वळला. काकूने डाव्या हातात नसलेला डबा धरला. उजव्या हाताचं बोट त्यात बुडवलं, काठाला निथळवलं, आणि त्याच्या सदऱ्यावर, दोन्ही फऱ्यांच्या मधे, मोठा सात काढला. आमच्याकडे सातच्या दांडीवर मधे मारतात ती आडवी रेघसुद्धा विसरली नाही. एक पाऊल मागे सरून तिने बघितलं.

"झालं," ती ननला म्हणाली. "आता याला कुणी हात लावू नका."

आणि पुढच्या झाडाकडे जावं, तशी ती आत गेली. मागे वळून बघितलं नाही. रानातही ती कधी बघायची नाही.

परतीच्या वाटेवर ऊन कलत होतं. दोन्ही बाजूंनी आकडे लिहिलेली झाडं मागे जात होती, तीन, पाच, शून्य. काका सीटवर पुढे सरकून, ताठ बसला होता. खड्डा आला की समोर आपटायचा, पण मागे रेलायचा नाही.

"टेक की जरा, काका. तासाची वाट आहे."

"नको," तो म्हणाला. "ओला आहे अजून."