मुरुडशेंगांचे दिवे

तळेगावजवळच्या नवलाख उंबरे गावात एका कंपनीत मी बारा वर्षं गाड्यांच्या वायरी जोडत होते. आमची लाइन बंद झाली तेव्हा हातात एवढंच कसब उरलं होतं: वायर सोलायची, पिन दाबायची, जोड ओढून बघायचा. नवरा कामावर आणि मुलगी शाळेत गेली की जवळच वराळ्याला आमच्या दोन खोल्यांत मी नुसती बसून असायची. सकाळी नऊ वाजता घर कसं असतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

कंपनीनं एकदा आम्हाला लोणावळ्याला एका रिसॉर्टवर नेलं होतं. तिथं काउंटरवर शिंपल्यांनी भरलेला काचेचा दिवा होता. रिकाम्या दुपारी तो सारखा डोळ्यांपुढं यायचा. शिंपले कुठून आणणार? पण दिवाळीनंतर एका रविवारी आम्ही तिघं लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावाकडं फिरायला गेलो, तेव्हा वाटेवर पडलेल्या मुरुडशेंगा मी ओढणीत गोळा केल्या. दोरीला पीळ द्यावा तशा वळलेल्या शेंगा. सोबत सागाची बी, हिरडे, गवताचे तुरे. घरी येऊन ते सगळं काचेच्या बरणीत थरांनी रचलं, मधून बारीक दिव्यांची तार फिरवली आणि झाकणाला भोक पाडून वायर बाहेर काढली. वायरीचं काम हातांना पाठ होतं. दिवा लागला तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, हे विकत घेतील लोक."

घेतलेही. लोणावळ्यात बंगल्याच्या खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या एका बाईंनी सहा दिवे मागितले. मी दहा दिवस खपून ते पोहोचवले. पंधरवडा झाला आणि त्यांचा फोन आला. "ताई, दिव्यांना आतून घाम आलाय. पांढरं काहीतरी धरलंय."

मी गेले. सहाही बरण्यांत बुरशी होती. एका दिव्यात तर अळी काचेवर चढत होती. बाई रागावल्या नाहीत. "नीट करून आणा, मी थांबते," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं, असं मला त्या वेळी वाटलं. बरण्या पिशव्यांत भरून मी रिक्षात बसले. घरी जायचं धैर्य नव्हतं. रिक्षावाल्याला म्हटलं, कुरवंड्याला चला. तिथून नवा माल गोळा करावा, एवढंच डोक्यात होतं.

गावाच्या कडेला एका घरापुढं मी शेंगा वेचत होते. ओट्यावर एक म्हातारी बसली होती. माझ्या बांगड्या वाजल्या तशी तिनं विचारलं, "कोण हाय गं? काय येचतीस?"

"मुरुडशेंगा, मावशी."

"कुणाचं पोट दुखतंय?"

मी सांगितलं, पोटासाठी नाही, दिव्यासाठी. तिला ते कळेना, म्हणून एक बरणी तिच्या हातात दिली. तेव्हा लक्षात आलं, तिला दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांवर पांढरी साय आलेली. तिनं झाकण काढून वास घेतला, एक शेंग उचलून कानाशी हलवली.

"वल हाय आत. वाळल्याली शेंग बोलती. ही मुकी हाय बघ."

मग तिनं मला चुलीवरचा माळा दाखवला. तिथं धुरात तिचं बियाणं टांगलेलं होतं. "म्हैनाभर हितं ठेव तुझं सामान. धूर लागला की किडा फिरकत न्हाई. आन येक येक कानाशी लावून मग भर."

महिनाभर दर दोन-तीन दिवसांनी मी कुरवंड्याला जात होते. आम्ही दोघी ओट्यावर बसायचो आणि शेंगा वाजवून बघायचो. माझा हात चटकन पुढं जायचा, तिचा कान थांबायचा. मी बाजूला टाकलेल्यातल्या चार ती परत घ्यायची आणि घेतलेल्यातल्या सहा परत माळ्यावर पाठवायची. डोळ्यांचं ऑपरेशन करून घे, म्हणून तिचा मुलगा मागं लागला होता, पण ती म्हणायची, "आता काय बघायचं ऱ्हायलंय?" मी त्या बोलण्यात कधी पडले नाही.

पहिला नवा दिवा तयार झाला तो मी तिच्यापुढं लावून ठेवला. तिनं दोन्ही हात बरणीवरून फिरवले. बराच वेळ फिरवत राहिली.

"उजेड कळतोय," ती म्हणाली. "पर हाताला नुसती काच लागती. आतलं काय बी लागत न्हाई."

चार दिवसांनी तिच्या मुलाचा फोन आला: आई दवाखान्यात यायला तयार झाली, तुम्ही बरोबर याल का? तळेगावला मी तिच्याबरोबर होते. आधी एका डोळ्याचं झालं.

पट्टी निघून बरेच दिवस झाल्यावर मी दिवा घेऊन गेले. मनात होतं, मावशी कौतुक करेल. तिनं तो उचलून उन्हात धरला, फिरवून बघितला आणि म्हणाली, "हे काय केलंस? दुकानात बरण्या मांडत्यात तसं झालंय. खाली बी, वर शेंग, त्याच्यावर गवात. डोंगरात असं रांगंत काय बी पडत न्हाई."

मला लागलं ते बोलणं. पण तिनं तोवर सगळं सुपात ओतलं होतं. मग मूठमूठ उचलून ती बरणीत वरून सोडत गेली. जड हिरडा खाली गेला, शेंगा आडव्यातिडव्या अडकल्या, गवताची काडी मधेच काचेला टेकली. तार मी हळूच त्यातून ओवली. लावला तेव्हा उजेड कुठं दिसत होता, कुठं शेंगेमागं लपत होता. आम्ही दोघी बघत बसलो.

तसेच सहा दिवे मी बाईंना नेऊन दिले. एक पावसाळा गेला, एकाही काचेला घाम आला नाही. त्यांच्याकडं उतरलेल्या पाहुण्यांनी आणखी मागितले आणि आज माझं घर या कामावर चालतं.

मध्यंतरी मावशी पहिल्यांदाच वराळ्याला आली. दुसऱ्या डोळ्याचंही झालं होतं. नव्या इमारती बघत जिना चढली, माझ्या कामाच्या टेबलापाशी बसून चहा घेतला आणि वायर कशी सोलतात ते शिकून गेली. कंपनीत बारा वर्षं माझ्या चुका लाल कागद चिकटवून बाजूला काढल्या जायच्या. चूक झाली कशी, हे शेजारी बसवून मला कुणी सांगितलं नव्हतं. तिला हे सांगायचा मी प्रयत्न केला. ती म्हणाली, "आगं, मला तरी कोण बोलाय येत हुतं त्या वट्यावर?" आणि हातातली वायर पुन्हा सोलायला लागली.