विहिणीला लिहावे तसे पत्र

तमिळ मुलखातल्या मेलकावेरीतले आमचे शेजारी चंद्रमौळीराव एका तमिळ साप्ताहिकावर कायम रागावलेले असत. मोठ्या देवळांच्या उत्सवांना तिथे पानभर जागा मिळे, पण आमच्या विठ्ठलाच्या भजनाला सात वर्षांत एक ओळही मिळाली नव्हती. रावांनी संपादकाला नऊ पत्रे धाडली. प्रत्येकात 'पक्षपाती' आणि 'लाचार' हे शब्द होतेच. एकही पत्र छापले गेले नाही, आणि यंदा तर भजनाचे पन्नासावे वर्ष होते.

"अहो, मुलीच्या सासूचं चुकलं तर तिलाही असंच लिहाल?" त्यांच्या पत्नी शिवकामीबाईंनी विचारले.

"तिला कसं लिहीन? मुलगी तिथं नांदायची आहे."

"मग भजनही त्यांच्याच पेपरात नांदायचं आहे."

रावांनी दात आवळून दहावे पत्र लिहिले. वर्षभरात उत्सवांवर आलेल्या चारशे ओळी मोजून दाखवल्या, भजनापुढे शून्य मांडले आणि 'आपल्या नजरेतून सुटले असावे' एवढेच म्हटले. पत्र छापून आले. संपादक स्वतः भजनाला आले, पहिल्या रांगेत बसले आणि प्रसाद आधी आपल्याकडे येण्याची वाट पाहू लागले.

"बघ, कसा मान मागतोय!" राव कुजबुजले.

"विहीण म्हणून लिहिलंत ना? आता वाढा आधी."