शून्य दोषांचं शिबिर

नव्वदच्या दशकात मी नेरूळच्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवत होते. तेव्हा सगळीकडे क्वालिटीची साथ आली होती. आम्हा शिक्षिकांनाही ती लागावी म्हणून प्राचार्यांनी दिघ्याकडच्या कुठल्याशा कारखान्यातला साहेब बोलावला. गड्याचं आयुष्य बेअरिंगं तपासण्यात गेलेलं, आणि निघाला आम्हाला नर्सा घडवायला शिकवायला! तेही भर मे महिन्यात, टाय लावून.

"नापास विद्यार्थिनी म्हणजे रिजेक्ट माल, मॅडम. दोष शून्य हवेत," तो म्हणाला. प्राचार्य कीर्तनाला बसल्यासारखी मान डोलावत होते. आमची एकच मुलगी प्रॅक्टिकलला अडकली होती. जवळच्या सारसोळे गावची, कोळ्यांची, हुशार, पण सुई हातात आली की गडबडायची. मी तिला पास केलं तर ती सरळ वॉर्डात पेशंटना टोचणार होती. नापास केलं तर तिचे सहा महिने वाया.

"वाढवा की चार मार्क. निकाल शंभर टक्के!" प्राचार्य गोड आवाजात म्हणाले.

अस्सं! दोष असे शून्य होतात होय? माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे एक रीत होती. मुलीचं पहिलं इंजेक्शन, नुसत्या सलाईनच्या पाण्याचं, टीचरनं आपल्या दंडावर घ्यायचं. मगच तिला पेशंटजवळ सोडायचं. या पोरीनं माझा दंड दोनदा सुजवला होता.

"सर, पास करायचीय ना? मग या खेपेला बाही तुम्ही वर करा," मी प्राचार्यांना म्हटलं.

मुलीला बोलावलं. कारखान्याच्या साहेबांना नेमकं तेव्हाच फोन करायचं आठवलं. प्राचार्यांना मात्र अब्रूखातर बसावं लागलं. तिनं सिरिंज भरली, सुई दंडाजवळ नेली आणि थांबली. प्राचार्य डोळे गच्च मिटून "टोच, टोच" म्हणत होते. घामानं नुसते निथळत होते बिचारे.

तिनं सिरिंज ट्रेमध्ये ठेवली.

"सर, तुमी मोठे, वरडाल तरी. वॉर्डात तान्ही पोरं हायेत, ती कोनाला सांगतील? मॅडम, मना नापासच करा."

प्राचार्यांनी बाही खाली केली. मी तिच्या नापासच्या निकालावर सही केली, आणि सगळ्यांसमोर हमसून हमसून रडले.