स्टार्टरचाचांची वीस पावलं

दुरुस्त झालेली गाडी सगळे मेस्त्री चालू करून बघतात. स्टार्टरचाचा ती बंद ठेवून चालवत. इंजिनाला ठिणगी पोचवणारी कॉईलची वायर उपसायची, पहिला गियर टाकायचा आणि चावी फिरवायची. इंजिन मेलेलं आणि स्टार्टर एकटाच गाडीला हिसके देत पुढे ओढतोय, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला बरं वाटत नसे. प्रेत उठून चालू लागावं तशी ती गाडी चाले. चाचा शेजारून पावलं मोजत. वीस भरली तर गाडी मालकाच्या ताब्यात. एकोणिसाव्याला थांबली तरी स्टार्टर पुन्हा बाकड्यावर.

लोक वैतागत. बॅटरी उतरते म्हणून कुरकुर करत. चाचा एवढंच म्हणत, "फरशीवर उभं ऱ्हा, मग बोल." आंदर मावळात ओढ्यांवर ठेंगणे पूल आहेत, त्यांना आमच्याकडे फरशी म्हणतात. श्रावणात पाणी त्यांच्यावरून वाहतं. "पाणी असलं तर जाऊच नये," चाचा सांगत. "पर जाणारा जातो. मधीच इंजिनात पाणी शिरतं, गाडी मरती. तितं धक्का द्यायला कोण येणार? तवा ह्यो स्टार्टरच ओढतो भायेर." एकदा ते एवढंच जास्त बोलले, "एक गाडी मी घाईत दिलेली. फरशीवर थांबली." आत कोण होतं, ते मी विचारलं. चाचांनी कानस उचलली आणि घासायला लागले.

मी जुन्या गाड्या घेऊन विकतो. वडगावला जुन्या हायवेच्या कडेला माझं यार्ड आहे. एका भंगार स्कूटरपासून ते मी स्वतःच्या हिमतीवर उभं केलंय, कुणाच्या उपकारावर नाही. चाचांची पत्र्याची शेड बाजारामागे. पंधरा वर्षं माझी प्रत्येक बुलेट, प्रत्येक फियाट त्यांच्या हाताखालून गेली. त्यांच्यासारखा माणूस मी बघितला नाही, हे मी मोकळेपणानं लिहितो. त्यांनी माझा घात केला, हेही तितक्याच मोकळेपणानं लिहितो.

त्यांची तपासणी दिव्यापासून सुरू होई. गिऱ्हाईक मोटारसायकल ढकलत आणी आणि लांबूनच ओरडे, "चाचा, बॅटरी गेली!" चाचा हेडलाइट लावायला सांगत आणि स्टार्टरचं बटण दाबायला लावत. दिवा मंद झाला तर बॅटरी कमजोर, नाहीतर स्टार्टर आत अडकलेला. दिवा तसाच लखलखीत राहिला आणि नुसतं 'टक्' वाजलं तर वीज स्टार्टरपर्यंत पोचतच नाही. "माणसाला इचारू नगा, दिव्याला इचारा," ते म्हणत. "त्याला काय इकायचं न्हाई."

हे शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून असे.

लोणावळ्याच्या एका बंगलेवाल्याला मी जुनी मोटार विकली होती. तिच्यात त्यानं दोन नव्या बॅटऱ्या घातल्या, तरी चालू होईना. मी चाचांना घेऊन गेलो. चाचांनी बॉनेट उघडलं, अर्थिंगची वायर सोडली आणि तिच्याखालचा रंग पॉलिश पेपरनं खरवडला. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. "कुणी रंगवली एवढी?" त्यांनी भाबडेपणानं विचारलं. बंगलेवाला माझ्याकडे बघायला लागला. "लय मन लावून रंगवलीय, शेठ," चाचा म्हणाले. "विजंला जायला वाट न्हाई ठेवली." परतीच्या वाटेवर, कार्ल्यापर्यंत, मी उगाच हॉर्न वाजवत होतो. ते खिडकीतून डोंगर बघत स्वतःशीच हसत होते.

मग ती हिरवी जीप आली. पेट्रोलची, जुनी, बांध्यानं भक्कम. एकच खोट होती. इंजिन बंद झालं की बहुतेक वेळा त्याच दोन-तीन जागी थांबतं. त्यामुळे स्टार्टर फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनामागच्या जड चाकाच्या, रिंगेचे तेच दाते पुन्हा पुन्हा पकडतो आणि तेवढेच झिजतात. या जीपचे ते दाते पार गेले होते. रिंग बदलायची तर गियरबॉक्स उतरवावा लागतो. आमच्या धंद्यात त्यावर सोपा उपाय आहे. गिऱ्हाईक यायच्या आधी गियर टाकून गाडी हातभर पुढे ढकलायची, म्हणजे इंजिन चांगल्या दातांवर उभं राहतं. गिऱ्हाईक चावी फिरवतो, गाडी सुरू होते, तो खूश होतो. यात मला पाप दिसलं नाही. सगळेच करतात.

टाकव्याच्या पुढच्या एका वाडीतले सोपानराव जीप बघायला आले. ते दूध गोळा करून कान्ह्याला आणत. पहिल्या चावीला जीप सुरू झाली, सौदा ठरत आला आणि सोपानराव म्हणाले, "स्टार्टरचाचांना एकदा दावू."

चाचांनी कॉईलची वायर उपसली. जीप दोन पावलं ओढली गेली, रिंग फिरून झिजल्या दातांवर आली आणि स्टार्टर नुसताच घर्र करून किंचाळला. हातभर ढकलण्याची युक्ती एका चावीपुरती असते, वीस पावलं टिकत नाही. सोपानराव पाय न वाजवता निघून गेले. चाचा मला म्हणाले, "पुण्यात दे शेठ, रविवारी मिरवणाऱ्याला. आंदर मावळात देऊ नगं."

त्या दिवशी भर बाजारात मी चाचांना अरेतुरे केलं. बापाच्या वयाच्या माणसाला. ते फडक्यानं हात पुसत ऐकत राहिले. माझं झाल्यावर म्हणाले, "रिंग आण. मी बशिवतो."

मी रिंग आणली नाही. महिन्याभरानं भाव उतरवून ती जीप मी त्याच सोपानरावांना विकली. चाचांनी रिंग बसवली, असं सांगितलं. ती दुसऱ्या कुणालाही गेली असती. पण मला ती आंदर मावळातच द्यायची होती.

श्रावणाच्या तोंडाला चाचा यार्डात आले. आधी कधी आले नव्हते. तीन दिवस पावसानं उसंत घेतली नव्हती. छत्री मिटून ते दारातच थांबले.

"जीप कुणाला दिली?"

"विकलेल्या मालाची चौकशी कशाला?"

"माझं नाव सांगून इकली म्हणं. बाजारात बोलत्यात. माघारी आण तिला, शेठ."

"मी माघारी घेत नाही."

"मग पत्ता दे. मी जातो."

मी मोबाईल काढून उगाच बघत बसलो. मग छत्री उघडण्याचा आवाज आला.

पुढचं मला सोपानरावांकडून कळलं. जीप आंदर मावळात गेली, एवढंच चाचांनी बाजारात ऐकलं होतं; कुणाकडे, कुठल्या गावात, ते माहीत नव्हतं. टाकव्यापर्यंत ते एसटीनं गेले आणि पुढे वाडीवाडीला हिरव्या जीपची चौकशी करत चालले. दोन दिवस. रात्री एका देवळात झोपले. तिसऱ्या दिवशी जीप सापडली, तेव्हा सोपानराव दुधाचे कॅन चढवत होते आणि खालच्या फरशीवर पाणी चढत होतं. चाचा थेट जीपखाली शिरले आणि स्टार्टर उतरवून घेतला. "शिव्या द्या, पर आज जाऊ नगा," म्हणाले. स्टार्टर पोत्यात घालून खांद्यावर टाकला आणि आले तसे गेले. दुपारी त्या फरशीवरून टेम्पो वाहून गेला. ड्रायव्हर झाडाला धरून वाचला.

घरी आल्यावर चाचांना ताप भरला. तो छातीत उतरला. तळेगावच्या दवाखान्यात आठव्या दिवशी ते गेले.

पत्ता दिला असता, तर ते एका एसटीचं काम होतं.

दफनाला मी गेलो, मागे उभा राहिलो. नंतर सोपानरावांचे फोन सुरू झाले. दूध सायकलवर चाललंय, स्टार्टर कुठंय? मी चाचींकडे गेलो. त्या उंबऱ्यात बसल्या होत्या.

"शेठ येतील, असं बोलले होते," त्या म्हणाल्या. "भांडायला येतील. भांडू द्या म्हणले."

"भांडायला नाही आलो. स्टार्टर सोपानरावांचा आहे."

"व्हय. पर रिंग बसवल्याबिगर द्यायचा न्हाई, असं सांगून गेलेत."

मी घासाघीस केली. तीच माझी भाषा आहे. आधी स्टार्टर द्या, रिंग आठवड्यात बसवतो. मी वचन देतो. माझ्या माणसाला पाठवतो. चाची प्रत्येक वेळी तेच वाक्य तेवढ्याच हळू आवाजात बोलल्या. मी आवाज चढवला. शेजारचे दारात आले. मी तसाच परतलो. माणूस मेला तरी माझा सौदा अडवतोच, असं रस्ताभर बडबडत होतो. पाऊस चालूच होता.

जीप टो करून आणली. गियरबॉक्स उतरवला. पुण्याहून नवी रिंग आणली, तापवून फ्लायव्हीलवर चढवली. गार झाल्यावर ते पितळी परातीएवढं लोखंड पोत्यात गुंडाळून मी चाचींसमोर नेऊन ठेवलं. त्यांना यंत्रातलं काही कळत नव्हतं. तरी त्यांनी एका दातावर बोट ठेवलं आणि सगळ्या वर्तुळावरून ते हळूहळू फिरवत नेलं. कुठं अडतंय का, कुठं घसरतंय का. मी समोर उभा होतो. एवढ्या बारकाईनं माझा माल कुणी तपासला नव्हता.

"आता ही बंद पडणार न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

"पडेल, चाची. जुनी आहे," मी म्हणालो. "पण पाण्यातून बाहेर येईल."

त्या उठल्या आणि आत स्टार्टर आणायला गेल्या.